पूजा झाली, नोंद राहिली

भोसरी असो की शिरोली, एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमालकाला खंडेनवमीची आठवण करून द्यावी लागत नाही. आदल्या संध्याकाळीच झेंडू येतो, लेथला हळदकुंकू लागतं, कंप्रेसरच्या गळ्यातही हार पडतो. पेढे तर माणसं मोजूनच आणलेले असतात. पण कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण? ते दिवाळीच्या बोनसाखाली कुठंतरी दबलेलं असतं.

परवाना 31 डिसेंबरला संपणार, हे काही गुपित नसतं. ऑफिसात गणपतीच्या तसबिरीशेजारीच तो फ्रेम करून लावलेला असतो. उदबत्तीच्या धुरानं दोघंही सारखेच पूज्य झालेले, आणि पूज्य वस्तूवरची बारीक अक्षरं वाचायची आपल्याकडे रीत नाही. काही जण एकदम पुढच्या काही वर्षांची फी भरून टाकतात. त्यांचा विसर जास्त पक्का असतो.

मग धावपळ. कन्सल्टंट म्हणतो, "साहेब, ओटीपी सांगा." ओटीपी गेलेला असतो कधीच नोकरी सोडलेल्या मॅनेजरच्या मोबाइलवर, आणि तो चाकणला दुसऱ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये.

माझ्या मते खरी गोम तारखेत नाहीच. 2025 पर्यंत 1948 च्या कारखाने अधिनियमाखाली निघत आलेला हा कागद मुख्यतः दोनच गोष्टी विचारतो: माणसं जास्तीत जास्त किती आणि हॉर्सपॉवर किती. फीसुद्धा त्यावरच ठरते. परवाना काढला तेव्हा दोन लेथ होते. पुढे व्हीएमसी आलं, कोपऱ्यात ग्राइंडर बसला, मागची पत्र्याची पडवी हळूच पुढे सरकली. प्रत्येक मशीनला नारळ फुटला. नोंद कुणीच केली नाही. कंत्राटदाराच्या पोरांबद्दल विचारलं, तर "ती आपली नव्हेत हो!" कायद्याच्या हिशेबात मात्र तीही आपलीच. एखाद्याचं बोट प्रेसमध्ये सापडलं, की सगळ्यात आधी हेच दोन आकडे विचारले जातात. त्यापुढे लेट फी म्हणजे किरकोळच.

तेव्हा एवढं करा. दोन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि नवं मशीन उतरवायला हायड्रा बोलवाल, त्याच दिवशी ताडून बघा. आकडा वाढत असेल, तर डिसेंबरची वाट न बघता आधी परवाना दुरुस्तीचा अर्ज टाका. नारळ मागाहून फोडला तरी चालेल.