छत्रीमागे नंदुरबार

प्रागच्या जुन्या चौकात एक तरुण पोरगी निळी छत्री डोक्यावर हातभर उंच धरून उभी होती. आकाशात ढग नव्हता, ऊनही नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, ही गाइड. तिच्या छत्रीमागे चालायचं. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर निवृत्त भूगोल-शिक्षक कुठेही चालतो. मी अडीच तास चाललो. रस्त्यातले घासून गुळगुळीत झालेले दगड माझ्या गुडघ्यांनी एकेक करून मोजले. निघताना आम्ही बावीस जण होतो आणि शेवटी नऊ उरलो; बाकीचे वाटेत बियरला लागले.

पण त्या पोरीची कमाल बघा. 1410 सालचं घड्याळ. तास झाला की सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित डोकावून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिळून मिनिटभराचा खेळ आणि त्यासाठी चौकात जत्रा. मग तिनं सांगितलं की हानुश नावाच्या कारागिरानं हे घड्याळ केलं आणि दुसऱ्या कुठल्या गावाला त्यानं असं करून देऊ नये म्हणून गावकारभाऱ्यांनी त्याचे डोळे काढले. आम्ही हळहळलो. पुढच्या गल्लीत वळल्यावर म्हणाली, ही गोष्ट खोटी आहे, घड्याळ मिकुलाश नावाच्या दुसऱ्याच माणसानं केलं. म्हणजे एका घड्याळावर दोन गोष्टी झाल्या! एक खोटी सांगण्याची, दुसरी ती खोटी असल्याची. धंदा असा करावा.

शेवटी टोपी उलटी झाली. त्यांच्या फुकटचा अर्थ हा. मी कोरुनांचे रुपये करीत बसलो तोवर आमच्या हिनं नोट टाकलीसुद्धा.

हे सगळं मी विसरलो असतो. पण डिसेंबरात लेक-जावई नातीला घेऊन नंदुरबारला आले. जावई पुण्याचे. पोहे खाताना त्यांनी विचारलं, "बाबा, नंदुरबारमध्ये तसं बघायला काय आहे?"

त्यातलं 'तसं' मला लागलं.

मी नेहमीचं उत्तर दिलं. तोरणमाळ आहे, प्रकाशा आहे, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे, आधारचं पहिलं कार्ड 2010 साली जिथं दिलं ते टेंभली आहे. जावई शांतपणे म्हणाले, "हे सगळं गावाबाहेर झालं." खरंच होतं. गावात काय बघावं असं कुणी विचारलं की आम्ही त्याला आधी गावाबाहेर काढतो.

"उद्या सकाळी साडेसातला पायी फेरी," मी जाहीर केलं आणि माळ्यावर चढलो. छत्री सापडली. निळीच होती. एक काडी मोडलेली, पण गाइडच्या छत्रीला पाऊस थोडाच अडवायचा असतो!

सकाळी आम्ही पाच जण निघालो. ही सोनाराकडे जायचं म्हणून तेवढ्यापुरती आली होती. मी छत्री उंच धरून सुरुवात केली, "नंद गवळ्यानं हे गाव वसवलं, अशी परंपरा आहे."

"पुरावा?" जावई.

मला प्रागची पोरगी आठवली. "तो पुढच्या गल्लीत," म्हटलं.

पुढच्या गल्लीत पुराव्याऐवजी माझा जुना विद्यार्थी भेटला. त्यानं छत्रीकडे पाहिलं, वर आकाशाकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "पानी ते नही, मंग छत्री कसाले, सर?" त्याला समजावलं तर तोही मागे लागला. मग एक पेन्शनर आले. मग दप्तरं घेतलेली दोन पोरं. प्रागमध्ये माणसं गळत गेली होती, इथं चिकटत चालली.

आता माझा हुकमी एक्का. "आपल्या गावाचे सगळ्यांत मोठे पाहुणे म्हणजे इब्न बतुता. मोरोक्कोचा माणूस. मुहम्मद तुघलकानं त्याला वकील म्हणून चीनला धाडलं होतं. 1342 च्या सुमारास दौलताबादहून खंबायतला जाताना तो इथं आला. त्यानं लिहून ठेवलंय, इथले मराठे हस्तकलेत पटाईत, इथं वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत, लोक आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत. भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात."

"आणि मिरची?" नातीनं विचारलं.

मी थबकलो. चौतीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली, तीही बतुता येऊन गेल्यावर दीडशे वर्षांनी. म्हणजे देशातल्या मोठ्या मिरची बाजारांत ज्या गावाचं नाव घेतात, ते गाव त्या बिचाऱ्यानं मिरचीविना पाहिलं. लिखाणात त्यानं आमच्याबद्दल इतकं गोड का लिहिलंय, ते मला तेव्हा कळलं.

"1666 साली इथं इंग्रजांची वखार होती," मी घाईनं पुढे सरकलो. "वखार कुठे?" जावई. आता आली पंचाईत. पानवाल्याला विचारलं, "इथं वखार कुठे होती हो?" तो तत्परतेनं म्हणाला, "होती काय, आहे! सरळ जा, डाव्या हाताला." आम्ही अकरा जण सरळ गेलो, डाव्या हाताला वळलो. समोर सागाचे ओंडके रचलेले, करवत चालू. मालक धावत बाहेर आले. एवढं गिऱ्हाईक आणि पुढे छत्री! त्यांना वाटलं लग्नाचा मांडव आहे. "किती फूट पाहिजे?" त्यांनी विचारलं. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव काढल्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "त्यांचा माल आपल्याकडे येत नाही."

जळक्या बाजारात मी नुसतं एवढंच विचारायची चूक केली की हा बाजार कधी जळला. एक म्हणाला आजोबांच्या वेळी. दुसरा म्हणाला, त्याच्याही आधी. तिसऱ्याचं म्हणणं, जळलाबिळला काही नाही, नावच तसं. पंधरा मिनिटांत तिघांत असं पेटलं की बाजार पुन्हा जळतो की काय असं वाटायला लागलं. भांडण मिटवलं ते गणपतीनं. मी विषय काढला की विसर्जनाला मानाचे दादा गणपती आणि बाबा गणपती लाकडी रथांतून याच बाजारात येतात, त्यांची इथं हरिहर भेट होते. लगेच तिघं एक झाले आणि रथाचा दोर कुणी किती वर्षं ओढला ते सांगू लागले. प्रागचे प्रेषित दर तासाला बाहेर येतात. आमचे दोन गणपती वर्षातून एकदाच भेटतात, पण त्यांना चावी द्यावी लागत नाही.

माणिक चौकात पोचेपर्यंत आम्ही चौदा झालो होतो. इथं छत्री मी आपोआप मिटली.

प्रागच्या चौकात फरशीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेत. 1621 साली तिथं सत्तावीस जणांना देहदंड दिला, त्यांची ती खूण. गाइडनं तेवढं सांगताना आवाज उतरवला होता, आणि आम्ही परक्या देशातल्या परक्या माणसांसाठी मान खाली घालून उभे राहिलो होतो. आमच्या चौकातून चाळीस वर्षं मी भाजीची पिशवी घेऊन मान खाली घालूनच जातोय, पण ती पिशवी फाटेल या काळजीनं.

"9 सप्टेंबर 1942," मी म्हणालो. "चले जाव सुरू होऊन महिना झाला होता. पोरांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी अडवली, पोरं हटली नाहीत, गोळीबार झाला. पाच जण गेले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर..." आणि पाचव्या नावाला मी अडलो. भूगोलाचा मास्तर असलो म्हणून काय झालं! कपाळाला घाम आला.

"घनश्यामदास शहा," मागून आवाज आला. केळीच्या गाडीवाला. मोजून देत असलेली केळी त्यानं हातातच धरली होती.

नात म्हणाली, "शिरीष केवढा होता?"

"पंधरा वर्षांचा."

"म्हणजे दादापेक्षा लहान." दादा म्हणजे तिचा पुण्यातला चुलतभाऊ. जावई काही बोलले नाहीत. पुरावाही मागितला नाही. गर्दीतल्या पोरांनी दप्तरं नीट केली आणि शाळेला उशीर झाला म्हणून पळाली.

शेवटचा टप्पा मिरची पथारीचा. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, नजर पोचते तिथवर लालच लाल, आणि बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात. रिक्षातून उतरताच जावयांनी फोन काढला, "अद्भुत!" म्हणाले आणि शिंकले. मग सतरा वेळा शिंकले. नातीनं मोजलं. डोळे पुसत त्यांनी काढलेल्या फोटोंत नुसता लाल रंग आलाय, त्यात मिरची कुठली आणि त्यांचं नाक कुठलं ते ओळखू येत नाही. खुडणाऱ्या बाया तोंडाला पदर बांधून हसत होत्या. त्या दिवसभर तिथं बसतात, याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

परत येताना टोपी उलटी करायची वेळ आली. माझ्याकडे टोपी नव्हती, छत्री होती. ती उलटी धरली तर मोडक्या काडीच्या फटीतून सगळं गळालं असतं. तो प्रसंग आलाच नाही. उरलेल्या दहा जणांना चहा मी पाजला, वर भजी झाली, पेन्शनरांना बिनसाखरेचा वेगळा. प्रागमध्ये फेरी फुकट म्हणून गिऱ्हाईक पैसे देतं, इथं गाइड देतो. हिनं सोनाराकडे काय केलं ते मी अजून विचारलेलं नाही.

छत्रीची काडी बदलून आणलीय. रविवारी सकाळी साडेसात वाजता निघतो. हिवाळ्यात आलात तर रुमाल दोन आणा, आणि जळका बाजार कधी जळला हे कुणाला विचारू नका.