अ‍ॅक्सेलसनची रॅकेट, पनवेलचा खांदा

व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनची उंची १९४ सेंटीमीटर आहे. त्याची रॅकेट पनवेलमध्ये मिळते. उंची मिळत नाही.

तरी रॅकेट खपते. योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स १०० झेडझेड, २०२० साली बाजारात आलेली, हेड-हेवी घराण्यातली थोरली पाती. अ‍ॅक्सेलसनने २०२१ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं आणि खांदा कॉलनीतल्या समस्त चाळिशीच्या मंडळींना कळून चुकलं, की इतकी वर्षं अडचण रॅकेटचीच होती. किंमत एका बऱ्यापैकी फ्रिजच्या आसपास. फ्रिज घ्यायचा तर घरात बैठक बसते, चार दुकानं पालथी घातली जातात, वीजबचतीचे तारे मोजले जातात. रॅकेट मात्र कुणीतरी मोबाइलच्या पडद्यावर दोनदा हवेत फिरवून ‘पॉवर’ म्हणालं की दुसऱ्या दिवशी दारात.

तेव्हा या आठवड्यात तिचंच परीक्षण. रॅकेटचं करू, मालकांचं आपोआप होईल.

दिसायला झकास, यात वादच नाही. दांडा इतका बारीक की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस आवाज खाली आणतो. चौकटीचा माथा जुन्या रॅकेटींसारखा अंडाकृती नाही, जरा चौकोनी आहे. त्यामुळे शटल नेमकं मधोमध बसलं नाही तरी फटका वाया जात नाही. वजन तीन जागी वाटलेलं: मुठीच्या बुडाशी, माथ्याशी आणि दांडा चौकटीला मिळतो त्या जोडाशी. एक स्मॅश मारल्यावर रॅकेट लगेच पुढच्या फटक्याला तयार व्हावी, हा त्यामागचा विचार. कंपनीने पुढच्या फटक्याची काळजी घेतली आहे. आपल्याकडे पहिलाच फटका मारून माणूस ‘बघितलंत का?’ म्हणून मागे वळतो, त्यावर जपानी इंजिनिअरांकडे तूर्त इलाज नाही.

आता ‘हेड-हेवी’ म्हणजे काय ते दुकानात विचारा. ‘जड असते’ असं उत्तर येईल. चूक. ४यू छापलेली रॅकेट ८० ते ८४ ग्रॅमची, ३यू ८५ ते ८९ ग्रॅमची. आकडा चढतो तसं वजन उतरतं. हा उलटा हिशेब माहीत नसल्यामुळे ‘मला दमदार पाहिजे, पाच यू द्या’ म्हणणारे महाभाग आहेत आणि त्यांना पाच यू देणारे दुकानदारही आहेत. जड किंवा हलकी हा एक प्रश्न, वजन कुठे साठलंय हा दुसरा. रॅकेट आडवी बोटावर तोलायची आणि ती जिथे स्थिर राहते तिथपर्यंतचं अंतर मुठीच्या बुडापासून मोजायचं. ढोबळमानाने २८५ ते २९५ मिलिमीटर म्हणजे समतोल, त्यापुढे हेड-हेवी, अलीकडे हेड-लाइट. नियमाप्रमाणे रॅकेट लांबीला जास्तीत जास्त ६८० मिलिमीटर. म्हणजे दोन कंपूंमध्ये जे हाडवैर चालतं, ते सारं सेंटीमीटरभर जागेवरून. पनवेलात सातबाऱ्यावरून चालणारी भांडणं पाहिलेल्यांना यात नवल वाटू नये.

शिवाय हा सेंटीमीटर फार चंचल. कंपनीचा आकडा बहुधा गटिंगविना नुसत्या चौकटीचा असतो. गटिंग केलं की पाचेक ग्रॅम माथ्याकडे चढले. तोल सेंटीमीटरभर वर. मग आपली हवा. ऑक्टोबरात संध्याकाळी सात वाजताही मूठ भिजते, म्हणून माणूस मूळ ग्रिपवर एक ग्रिप चढवतो, ती घसरायला लागली की तिच्यावर दुसरी. एका ग्रिपचे पाचेक ग्रॅम धरा. ८५ ग्रॅमच्या रॅकेटचा तोल ३०० मिलिमीटरवर असेल, तर एवढ्यानेच तो २८८ च्या आसपास येतो. पंधरा हजार खर्चून आणलेली हेड-हेवी दीडशे रुपयांच्या ग्रिपने कागदोपत्री समतोल करून टाकली.

कागदोपत्रीच. कारण मुठीजवळचं वजन फिरवताना जवळपास जाणवत नाही. माथ्यावरचं जाणवतं, आणि अंतराच्या वर्गाने जाणवतं: अंतर दुप्पट तर फिरवायचे कष्ट चौपट. बोट म्हणतं समतोल, खांदा म्हणतो माझं काय? तेव्हा बोटावर तोलून रॅकेट पसंत करणाऱ्यांनी निदान पाच मिनिटं ती फिरवून पाहावी. दुकानात छताचा पंखा बघून.

खेळायला कशी? मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत उंच टॉस मारा. सुंदर. हात वर गेला, वेळेत गेला, शटल डोक्याच्या जरा पुढे सापडलं, तर बाकीचं काम माथा करतो. स्मॅशला वजन आहे, आवाज तर असा की शेजारच्या कोर्टवरचे लोक सर्व्हिस थांबवतात. ही तारीफ मनापासून. हेड-हेवीचं सुख खोटं नाही.

पण त्यासाठी शटलखाली वेळेवर पोचायला हवं, आणि पोचायचं काम पायांचं. पाय रॅकेटबरोबर मिळत नाहीत. शटल अंगावर आलं, कमरेच्या उंचीवर सपाट चकमक सुरू झाली, की हाच माथा एका क्षणाने मागे राहतो. समोरचा टॅप करतो, आपण त्याने आधीच मारलेल्या शटलला उत्तर देत असतो. नेटपाशी पटकन रॅकेट वर धरायची तर मनगटाला आधी माथ्याची परवानगी घ्यावी लागते. बॅकहँडबद्दल बोलू नये. सोसायटीतला बॅकहँड कुठल्याही रॅकेटने तसाच जातो.

खरी मेख दांड्यात आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. १०० झेडझेडचा दांडा अतिशय ताठ. ताठ दांडा वेगाने फिरणाऱ्या हाताला नेमकेपणा देतो. संथ हाताला काहीच देत नाही. तो वाकतच नाही, तर उसळून परत काय देणार? हौशी माणसाला थोडा लवचीक दांडा लागतो, म्हणजे हाताची उरलीसुरली कसर तो भरून काढतो. हेड-हेवी आणि लवचीक अशी जोडी निम्म्याहून कमी पैशांत मिळते आणि बऱ्याच जणांना ती शोभेलही. पण तिच्यावर अ‍ॅक्सेलसनचा फोटो नाही.

गटिंगचं दुकान हा वेगळाच मामला. ‘टेन्शन किती ठेवू?’ असं विचारल्यावर ‘कमी’ म्हणायला आपल्या माणसाला लाज वाटते. अठ्ठावीस. २०-२२ पौंडांना गटिंगला उसळी जास्त, मधला चांगला पट्टा मोठा, शटल आपोआप लांब जातं. अठ्ठावीस पौंडांना गटिंग पाटासारखं कडक, पट्टा आक्रसलेला, आणि चौकटीच्या कडेला लागलेल्या पहिल्याच फटक्यात तार तुटते. तुटलेली तार मात्र मोठ्या अभिमानाने दाखवली जाते. जोर होता म्हणून तुटली, असं समजायचं.

आता या साऱ्या धर्मसंप्रदायाला धक्का देणारी बातमी. ती जुनी आहे, पण पनवेलपर्यंत पोचलेली दिसत नाही. जगातला सर्वांत वेगवान स्मॅश सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या नावावर आहे. आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचा जोडीदार. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये, योनेक्सच्याच जागेत, वेग मोजला गेला ताशी ५६५ किलोमीटर. आधीचा विक्रम मलेशियाच्या तान बून हाँगचा, २०१३ चा, ४९३. सात्विकच्या हातातली रॅकेट होती नॅनोफ्लेअर १००० झेड. हेड-लाइट.

पुन्हा वाचा. हेड-लाइट. कारण पाचेक ग्रॅमच्या शटलला माथ्यावरचे दोन ग्रॅम जास्त आहेत की कमी याचं फार सोयरसुतक नसतं. माथा किती वेगाने आला, याचं असतं. ज्याला जड माथाही तितक्याच वेगाने आणता येतो, त्याला हेड-हेवी फळते. ज्याला येत नाही, त्याने हलका माथा घेऊन वेग वाढवावा. आता हेही सांगितलं पाहिजे, की उद्या या बातमीने नॅनोफ्लेअरच्या मागे धावणाऱ्यांसाठी वाईट वार्ता आहे: तिचाही दांडा तितकाच ताठ, आणि किंमतही फ्रिजचीच.

इतिहासात डोकावावं तर आणखी पंचाईत. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी हा खेळ खेळायला सुरुवात केली, तेव्हा त्याला पूनाच म्हणत. त्याच पुण्यात प्रा. दि. ब. देवधरांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी देश गाजवला. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोरची स्पर्धा जिंकले. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. पहिल्याच वर्षी, १९६१ मध्ये, अर्जुन पुरस्कारही त्यांना. त्या काळची रॅकेट लाकडी चौकटीची, शंभर ग्रॅमच्या बरीच पुढची, आणि खेळून झालं की वाकू नये म्हणून स्क्रूच्या शिकंजात आवळून ठेवायची. म्हणजे आजच्या हिशेबाने सगळ्याच जडशीळ. नाटेकरांचं नाव मात्र झालं नजाकतीसाठी, नेटपाशी अलगद सोडलेल्या शटलसाठी. असल्या ओंडक्याने त्यांना ड्रॉप जमायचा. आपल्याला ग्राफाइटने सर्व्हिस जमत नाही.

पनवेलला जास्तीच्या ताकदीची गरजच काय, हाही प्रश्न आहे. गरम हवा विरळ असते, तिच्यात शटल लांब जातं. म्हणून नायलॉनच्या शटलच्या बुडाशी रंगीत पट्टी असते. योनेक्सच्या मावीसला हिरवी पट्टी म्हणजे संथ, २२ ते ३३ अंशांच्या हवेसाठी. निळी मध्यम, १२ ते २३. लाल वेगवान, त्याहून थंड जागी. पनवेलात निळीला योग्य अशी संध्याकाळ वर्षातून जानेवारीत चुकूनमाकून येते. तरी बहुतेक किटांमध्ये निळीच नळी. मग मेच्या उकाड्यात टॉस जातो मागच्या रेषेपलीकडे, थेट पार्किंगमधल्या इनोव्हावर, आणि खेळाडू म्हणतो, ‘बघा, रॅकेटला काय पॉवर आहे!’ पॉवर उन्हाळ्याची आहे. हिरवी नळी घ्या, दुकानदाराकडे मागून घ्या, तेवढ्यावर खेळ सुधारेल.

पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होतं? हार्बर लोकलला संध्याकाळी बघा. सहा रॅकेटींची किटबॅग खांद्यावर, आत एक रॅकेट, एक टॉवेल आणि डबा. बॅग चौथ्या सीटवर बसते, मालक उभा.

सर्वांत मौज डबल्सची. योनेक्सने २०१८ मध्ये अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ ची जोडी काढली: एस पुढे नेट सांभाळणाऱ्यासाठी, डी मागून मारणाऱ्यासाठी. जोडीतल्या दोघांनी एकेक घ्यावी, अशी त्यांची भाबडी कल्पना. आपल्याकडे दोघांनाही डी. पुढची जागा कुणालाच नको, कारण पुढे उभं राहून फोटो येत नाही. दोघं मागे खांद्याला खांदा लावून, मधे भलामोठा रिकामा चौक, आणि समोरचे दोन निवृत्त काका, ज्यांच्या रॅकेटी बहुधा मुलांच्या शाळेपासूनच्या, तिथे निवांत ड्रॉप टाकत बसलेले. प्रत्येक ड्रॉपनंतर मागे ‘तुझं होतं’, ‘नाही, तुझं’. काका स्कोअर सांगतात. बाकी काही बोलत नाहीत. बोलायची गरज नसते.

तरीही ज्यांना १०० झेडझेड घ्यायचीच आहे, त्यांना या सदराचा फुकट सल्ला: नवी घेऊ नका. नव्या वर्षाच्या संकल्पात खरेदी झालेल्या रॅकेटी पावसाळा सुरू होता होता सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागतात, डायनिंग टेबल आणि लहान मुलांच्या सायकलींच्या मधोमध. ४यू घ्या, ३यू ला हात लावू नका, गटिंग चोवीसच्या वर चढवू नका. घासाघीस जरूर करा, मालक ऐकतात. मजकूर साधारण असा असतो: रॅकेट नवीकोरी, गटिंगसकट, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून देणे आहे.