हलका ते मध्यम गुन्हा

रा. रा. पश्चिमी झंझावात,
मूळ मुक्काम भूमध्य समुद्र, सध्या फिरतीवर, यांस

कृ. सा. न. वि. वि.

येत्या शनिवारी-रविवारी आपण कोकण किनाऱ्यावर येत असल्याचं हवामान खात्याकडून समजलं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आभाळ भरलेलं, तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, सोसाट्याचा वारा, दिवसाच्या तापमानात घट, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. एवढ्या मोजक्या शब्दांत आपला परिचय उरकला, हा खात्याचा सभ्यपणा. आम्ही तेवढे सभ्य नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. भूमध्य समुद्राकडे जन्म घ्यायचा, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडायचं आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तिकडे आपली वाट पाहतात. पंजाब-हरियाणातला गहू आपल्या दोन सरींवर पोसतो, आपण उशीर केलात तर शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. असा मान मिळाल्यावर शहाण्या पाहुण्याने हिमालयाच्या कडेकडेने पुढे निघून जावं. पण आपण अधूनमधून दक्षिणेला पाय पसरता, ते थेट अरबी समुद्रात. तिथे एखादा कमी दाबाचा पट्टा आपली वाट पाहत असला की भागीदारी ठरलीच. बाष्प त्याचं, ओतणं आपलं, डोकी आमची. १ डिसेंबर २०२१ला याच भागीदारीने मुंबई-कोकणाला ऐन थंडीत पावसाळा दाखवला, आणि घाटावर जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे शेकडो मेंढ्या पावसात गारठून मेल्या. त्या धनगरांनी आपल्याला काय म्हटलं ते छापण्याजोगं नसावं.

आपण म्हणाल, समुद्र आधीपेक्षा तापवून ठेवला कोणी? तो मुद्दा या पत्राच्या कक्षेत येत नाही.

मुद्दा आहे तो ‘हलका ते मध्यम’ या आपल्या दाखल्याचा. खात्याच्या पट्टीवर १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका आणि ६४.४ मिलिमीटरपर्यंतचा मध्यम. पट्टी बारा महिने एकच. जुलैत साठ मिलिमीटर पडला तर आमच्याकडे कोणी त्याचा विषयही काढत नाही. रत्नागिरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेते आणि तक्रार करते ती फक्त वीज गेल्याची. त्याच रत्नागिरीला जानेवारीतले आपले दहा मिलिमीटर पुरून उरतात. पण गुन्हा नोंदवायला जावं, तर कलम लागतं हलक्या पावसाचं. वकील न लावता सुटणारा आपल्यासारखा आरोपी दुसरा नाही.

आता हापूसचं बघा. त्याला मोहोर फुटायला रात्रीचा गारवा लागतो आणि दिवसा निरभ्र ऊन. आपण आलात की नेमकं उलटं करता. ढगांची घोंगडी पांघरून रात्र उबदार ठेवता आणि तीच घोंगडी दिवसा सूर्यावर टाकून माणसांना कुडकुडवता. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक राहतो जेमतेम चार-दोन अंशांचा. मुंबईकर स्वेटर घालून ‘काय मस्त थंडी पडलीय’ म्हणतो, आणि तिकडे देवगडातला बागायतदार कलमाखाली उभा राहून मळभाला शिव्या देतो. थंडी दोघांनाही मागून मिळालेली, फक्त बागायतदाराची चुकीच्या वेळेला आलेली.

बरं, मोहोर आधीच फुटलेला असला तर आपली सेवा अधिक तत्पर. मळभाने तुडतुडे वाढतात, दमट हवेत भुरी येते, पाऊस लागला की करपा. आदल्याच दिवशी मारलेली फवारणी आपल्या पहिल्या सरीत धुऊन जाते. मग पुन्हा औषध, पुन्हा मजुरी, पुन्हा पंपाचं इंधन. बागेतल्या नेपाळी राखणदारांचा पगार मोहोर झडला म्हणून थांबत नाही. आणि आपण गेल्यावर आभाळ मोकळं होऊन उत्तरेचा वारा सुटला, कडाक्याची थंडी पडली, म्हणजे सुटलो असंही नाही. त्या थंडीने झाडाला पुन्हा मोहोर येतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, दुप्पट आंबा! झाड मात्र सगळं बळ नव्या मोहोराला देतं आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी टपाटप सोडून देतं. म्हणजे येताना एक फेरी आणि परतताना दुसरी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९७२पासून आंब्यावर जेवढी डोकेफोड केली, त्यातला बराच भाग आपल्यासारख्यांनी मांडून ठेवलेला पसारा आवरण्यात गेला असेल.

एप्रिलमध्ये पेटीचा भाव ऐकून मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक बागायतदाराला लुटारू ठरवतं. आपलं नाव कोणी काढत नाही.

विम्याबाबत मात्र आपले सहकार्य हवे आहे. आमच्याकडे हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात नुकसान मोजतं ते महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र. पाऊस कलमावर पडून उपयोग नाही, तो त्या केंद्राच्या मापकात पडावा लागतो. डोंगराच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे, जिथे मापक आहे तिथे, नुसता शिडकावा, असं आपण करता तेव्हा बागायतदाराचं नुकसान झालेलंच नसतं, ते त्याला फक्त दिसत असतं. तेव्हा या खेपेला बागेत थोडं कमी आणि मापकावर थोडं जास्त थांबता आलं तर बघा.

किनाऱ्यावरची खबरही घेऊन ठेवा. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला की होड्या नांगरावर आणि खलाशी बिनकामाचे, हे तर ठरलेलंच. पण अर्नाळा, उत्तन, वर्सोव्याला बांबूंच्या चौकटींवर टांगलेले बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा ही कोळणींची साठवण असते. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना हेच सुकं घर चालवतं. अर्धा सुकलेला बोंबील एकदा भिजला की रंग जातो, वास येतो आणि त्याचा भाव खतावर येऊन थांबतो. त्या बायका पहाटे आभाळ बघून धावत सुटतात, ताडपत्र्या कमी पडतात, घरातल्या साड्या काढतात. आपल्या लेखी हे सगळं ‘तुरळक ठिकाणी’.

पेण, कर्जत, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर तर आपण हातच साफ करता. कातकरी कुटुंब पावसाळ्यातच उचल घेऊन बसलेलं, ती फेडायला दिवाळीनंतर भट्टीवर येऊन राहिलेलं, हजार विटांमागे मजुरी ठरलेली. थापलेली कच्ची वीट आपल्या एका रात्रीत पुन्हा चिखल होते. ती वीट कोणाच्या खात्यातून वजा करायची, हे मालक ठरवतो आणि कातकऱ्याला विचारत नाही. इथे मला उपरोध सुचत नाही, माफ करा.

सिंधुदुर्गात हा जत्रांचा हंगाम. देवळापुढे खाज्याची दुकानं मांडलेली, मध्यरात्री दशावतार रंगात आलेला, राजा तलवार उपसून राक्षसाला आव्हान देतोय, तेवढ्यात आपली सर. राक्षस आणि राजा एकाच ताडपत्रीखाली. अलिबाग-काशिदला दोन दिवस मजा करायला आलेल्या मंडळींबद्दल मात्र फारसं वाईट वाटत नाही. ते खोलीत बसून भजी मागवतील, दर मिनिटाला फोटो टाकतील आणि ‘विंटर रेन’ म्हणून आपलं कौतुकच करतील. तेवढे चाहते आपल्याला लखलाभ.

अशाच एका शनिवार-रविवारी आपण हौसेचा कळस केला होता, आठवतं? २२ जानेवारी २०२२, शनिवार. आधी मुंबईवर पाऊस पाडलात आणि रविवारी पाकिस्तानाकडची धूळ गुजरातवरून आणून टाकलीत. गाड्यांवर पांढरी भुकटी, समोरची इमारत दिसेनाशी, आणि भर दुपारी पारा चोवीस अंशांच्याही खाली. पाऊस, थंडी आणि धूळ, तिन्ही एकाच सुट्टीत. धूळ पावसाच्या आधी आणली असतीत तर निदान धुतली तरी गेली असती. क्रम चुकला.

एक विनंती, ऐकाल असं वाटत नाही तरी करतो. कोकणात यायचंच असेल तर जूनमध्ये या. पावसाला दोन आठवडे उशीर झाला की भाताची रोपं पिवळी पडतात, तेव्हा आपल्या हलक्या ते मध्यम सरींना इथे सोन्याचा भाव येतो. पण जूनमध्ये आपण वर उत्तरेला असता, आमच्याकडे फिरकत नाही. डिसेंबरात मोहोर, सुकी मासळी, विटा, जत्रा सगळं उघड्यावर मांडलेलं असताना मात्र आपल्याला सवड मिळते.

कळावे. लोभ आवरता आला तर आवरावा.

आपला,
एक किनारपट्टीवासी

ता. क. : आपले भागीदार कमी दाबाचा पट्टा यांना वेगळं पत्र धाडलेलं नाही. डिसेंबर २०१७मध्ये त्यांच्या घराण्यातलं ओखी चक्रीवादळ आलं, तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. पट्टेसाहेब पुन्हा तयारीत असले तर निदान आधी कळवायला सांगा, म्हणजे धक्क्यावर जागा करून ठेवता येईल.