मोटारघरात खापर नेणाऱ्यांची थोरवी

मोटारघरात स्वयंपाकाची साधनं निवडताना शहाणा माणूस आधी वजन बघतो, मग जागा, मग वीज. बागलाणातल्या नामपूरकडचा वेडा माणूस आधी विचारतो, मांडे कशावर करायचे? मला हा दुसरा माणूस थोर वाटतो. आपण काय खाणार हे त्यानं आधी ठरवलेलं असतं.

खापर मातीचं, चुलीवर पालथं घालायचं. त्याची घडी होत नाही, ते कुठल्या कपाटात बसत नाही आणि धक्का लागला की फुटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बागलाणात आणि खानदेशात पुरणाचे मांडे त्याच्यावरच होतात. कणीक लवचिक होईपर्यंत मळायची, पुरण भरायचं आणि मग मांडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवत न्यायचा. गाडीच्या अरुंद बोळात हे जमणार नाही. करणारीला दार उघडून खाली उतरावं लागतं, आणि ती उतरली की मागोमाग सगळं घर उतरतं. या एका गुणासाठीच खापराला गाडीत पहिली जागा द्यावी.

शहाण्यांची इंडक्शन शेगडी सपाट, हलकी, देखणी असते. पण ती लोखंडी बुडाचं भांडं मागते, मातीला ती ओळखतच नाही. शिवाय १२ व्होल्टची, १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. २,००० वॅटची शेगडी पूर्ण जोरात चालवली तर जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात डाळ शिजेल, पुरण वाटायचं राहील, आणि रात्री पंखा बंद. गॅसची टाकी त्या मानानं उदार, ५ किलोच्या सिलिंडरमध्ये साठ युनिटांएवढी उष्णता असते. मात्र हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, जमिनीलगत झरोका हवाच. तो ठेवूनही शेगडी बाहेर मांडावी असंच मी म्हणेन.

हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी निघालेल्यांसोबत टेम्पो असतो. त्यात पातेली, पराती, पिठाची पोती, शेगड्या. टेम्पो पुढे जातो, सावली बघून थांबतो, आणि सगळं खाली उतरतं. चालत्या गाडीत कोणी फोडणी देत नाही. महाराष्ट्रानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. या टेम्पोवाल्यांना त्याची वाट बघावी लागली नव्हती.

नामपूरहून मोसमच्या काठानं वर ताहाराबाद, मुल्हेर, आणि पुढे साल्हेर. १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला, महाराष्ट्रात याहून उंच दुसरा नाही. त्याच्या पायथ्याशी मायक्रोवेव्हमध्ये पाकिटातला पुलाव गरम करणं शक्य आहे. दोन मिनिटं लागतात. मांड्यांना अख्खी दुपार जाते, गावातली पोरं भोवती जमतात, कोणीतरी आजी पुढे होऊन हात लावते, आणि मांडे वाटावेच लागतात. मोटारघर कशासाठी घेतलं याचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

खापर गोधडीत गुंडाळून पलंगाखाली ठेवावं. तरीही खड्ड्यात ते फुटतं. म्हणून नामपूरहून निघताना दोन खापरं घ्यावीत.