कुंपणावरचं स्थळ

कुणकेश्वरच्या जत्रेत खाजा मिळतो, कोकम सरबत मिळतं आणि तालुका देवगड असल्यामुळे हापूसची चर्चा तर बारमाही फुकट मिळते. फड्या निवडुंगाचं बोंड मात्र कुणी विकायला मांडत नाही. किनारपट्टीवर ते वाळूच्या कडेला, कुंपणात लालबुंद पिकतं आणि पाखरांच्या पोटात जातं. का, तर म्हणे काटे असतात! हे कोकणातल्या माणसाने सांगावं? ओल्या काजूगरांची उसळ पाहुण्याला मानाने वाढणाऱ्या या मुलखात काजूच्या सालीतल्या तेलाने बोटं सोलवटून घेणं हा हंगामी कुळाचार आहे. फणस फोडायचा तर आधी हाताला तेल, करवंदं काढायची तर काटेरी जाळीत मुंडकं. बरं, परका म्हणून नाकारावा तर काजू, अननस, पेरू आणि मालवणी मसाल्यातली मिरची या सगळ्यांचं माहेर अमेरिकाच. निवडुंग त्यांच्याच गावचा.

माझ्या मते अडचण काट्यांत नाही, बायोडेटात आहे. मेक्सिकोत हाच निवडुंग राष्ट्रध्वजावर गरुडाला बसायला जागा देतो. त्याचं फळ बाजारात आणि कोवळी फडी, काटे काढून, तव्यावर. सिसिलीत तर बोंडाला ‘भारताचं अंजीर’ म्हणतात. कोलंबसाच्या भूगोलाची ही कृपा. आपलं नाव लावून ते परक्या दुकानात ऐटीत बसलंय आणि आपल्या दारात त्याला कुणी विचारत नाही. कारण इथे ते फळ म्हणून आलंच नाही. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग देणारे किडे पोसायचे होते, निवडुंग हा त्यांचा चारा. 1795 साली ब्राझीलहून किडा आणला तो नेमका चुकीच्या जातीचा. रंग यथातथाच, पण निवडुंगाचा फडशा त्याने झकास पाडला. पुढे दुसऱ्या एका जातीचा निवडुंग दक्षिणेत माजला, तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेहून त्याच गोत्रातला दुसरा किडा मुद्दाम मागवला. मधल्या दुष्काळांत काटे जाळून फडी गुरांपुढे टाकली गेली. किड्यांचा चारा, गुरांचा चारा आणि उरलेल्या वेळात कुंपण: अशा स्थळाला स्वयंपाकघरात कोण घेणार?

बियांचा आक्षेप मात्र रास्त. त्या खड्यासारख्या असतात आणि मूठभर पोटात गेल्या तर पोट संपावर जातं. पण रातांब्याचं आगळ काढणाऱ्यांना गाळण्याची विद्या कुणी शिकवायला नको. बोंड चिमट्याने तोडावं. दिसणारा काटा प्रामाणिक असतो; दगाबाज असतात ती झुपक्यातली बारीक कुसळं, जी बोटात शिरून दिवसभर हजेरी घेतात. जाळावर फिरवून ती जाळावीत, ओल्या फडक्याने बोंड पुसावं, दोन्ही टोकं छाटून उभी चीर द्यावी. साल कोटासारखी उतरते. गर कुस्करून गाळावा, साखर, जिरं, मीठ घालावं. उकळत बसू नये. हा रंग बिटाच्या जातीचा, फार आच लागली की उतरतो. सौराष्ट्रात या ‘फिंडला’चं सरबत रक्त वाढवणारं म्हणून खपतं. लाल म्हणून रक्त, या न्यायाने काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याने आमचे केस कधीच काळे व्हायला हवे होते. एक पथ्य मात्र पाळावं: मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो निवडुंग वेगळ्याच कुळातला, त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि पहिल्या दिवशी पेलाभरच प्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लालसर दिसली, तर मृत्युपत्र करायला बसण्याआधी काल काय प्यायलो ते आठवावं.