आमचं काहीच गेलं नाही

सातपूरच्या कारखान्यात महिंद्राच्या गाड्या दिवसा जोडल्या जातात आणि आमच्या इंदिरानगरात रात्री त्या सुट्या होतात. नाशकात दोन हजार वर्षं जागची हलली नाही अशी गोष्ट म्हणजे पांडवलेणी, आणि तीही अख्ख्या डोंगरात कोरलेली म्हणून. नटबोल्टावर बसवलेली असती तर एव्हाना नुसता डोंगर उरला असता.

आमची इमारत नव्वदच्या दशकातली. बिल्डरने पार्किंग आखलं ते बजाज चेतक डोळ्यांपुढे ठेवून. त्यामुळे चारचाकी झाल्या तशा त्या कंपाउंडबाहेर कॉलनी रोडवर रांगेने उभ्या राहू लागल्या. सराईत टोळी गाडीच घेऊन जाते. मग रीतसर पंचनामा होतो, पेपरात चार ओळी येतात, मालकाला महिनाभर लोक चहाला बोलावतात. भुरट्या चोराचा खाक्या निराळा. तो आरसा नेतो, वायपर नेतो, मागच्या सीटवरची छत्री नेतो. सकाळी गाडी तिथेच असते, फक्त जरा कमी असते.

२०२५च्या दिवाळीआधी एका रात्री त्याने आमची अख्खी रांग साफ केली. बँकवाल्या काकांचे दोन्ही आरसे गेले. डॉक्टरीणबाईंच्या चारही व्हीलकॅप गेल्या. सेक्रेटरींच्या गाडीचं कव्हर गेलं, आणि ते गाडीला धूळ लागू नये म्हणून आठवड्यापूर्वीच आणलेलं. सगळ्यात मोठा फटका बसला शाळेची व्हॅन चालवणाऱ्या भाऊला. त्याने सकाळी इको सुरू केली आणि ओझरहून सुखोई उडाल्यासारखा आवाज झाला. खाली वाकून पाहतो तर सायलेन्सर गायब. त्या सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले सोन्याच्या पंक्तीत बसणारे धातू असतात, आणि इकोच्या सायलेन्सरवर हात मारणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत कितीदा पकडल्या गेल्यात. हे आम्हाला कळलं ते सायलेन्सर गेल्यावर. भाऊ म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर मीच विकला असता ना!”

आमचं काहीच गेलं नाही.

मी मनातल्या मनात काळारामाला हात जोडले. पण लवकरच लोक माझ्याकडे पाहू लागले. काका म्हणाले, “तुमचं काहीच नाही? बरंय.” ते ‘बरंय’ मला आवडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तर रात्री मी कितीला झोपतो तेही विचारून घेतलं.

तेवढ्यात बायको गाडीला प्रदक्षिणा घालून आली. “अहो, मागचं दार उघडंय.”

म्हणजे तो आला होता! पुढचा कप्पा उपसून सगळा ऐवज त्याने सीटवर मांडून ठेवला होता: मुदत संपलेली पीयूसी, टोलच्या पावत्या, करोनाकाळातली सॅनिटायझरची बाटली, वायर एका कुशीवर वळवली तरच चालणारा चार्जर, त्र्यंबकेश्वरच्या प्रसादाची खडीसाखर आणि दोन-दोन रुपयांची काही नाणी. नाणीसुद्धा नेली नव्हती. त्याने बसून, सावकाश, एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली असणार आणि मग आमच्या परिस्थितीचा विचार करून उठून गेला असणार. “निदान खडीसाखर तरी न्यायची,” बायको म्हणाली. माहेरच्या गाडीत हे घडलं नसतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आम्ही सगळे मिळून चौकीवर गेलो. हवालदार शांत माणूस. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न, “किंमत?” १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, चोरीचं ३७९ कलम जाऊन ३०३ आलं, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. त्यातली मेख तिथे कळली. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. नुसती एनसी लिहून घ्यायची. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपासही नाही. हे ऐकताच वस्तूंचे भाव वधारले. काकांचे आरसे चौकीत शिरताना साडेचार हजारांचे होते, चहा येईपर्यंत साडेसहा हजारांवर गेले. सेक्रेटरींनी कव्हर ‘इम्पोर्टेड’ असल्याचं सांगितलं. फक्त भाऊला काही वाढवावं लागलं नाही. त्या दिवशी आमच्यात तोच एक दखल घेण्याजोगा माणूस होता.

शेवटी हवालदार माझ्याकडे वळले. “तुमचं काय गेलं?”

“काही नाही.”

“मग आलात कशाला?”

विम्याचंही तेच. काका निवृत्त बँकर, त्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून जातात. शिवाय पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस एका फटक्यात शून्यावर येतो. आरशांपेक्षा क्लेम महाग. चोराने आधी पॉलिसी वाचली आणि मग पान्हा उचलला, असं काकांचं ठाम मत झालं.

रविवारी सोसायटीची मीटिंग भरली. खाली पोरं चोर-पोलीस खेळत होती आणि पकडलेल्या प्रत्येक चोराकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेत होती. पोलिसांनी धरलेले दादा-भाई हात जोडून हेच म्हणतानाचे व्हिडिओ तेव्हा घरोघरी फिरत होते. वर आम्ही सीसीटीव्ही पाहायला बसलो. कॅमेरा आहे, पण तो रस्त्यावर नाही, सेक्रेटरींच्या जास्वंदीवर रोखलेला, कारण त्यांची फुलं जायची. पहाटेच्या फुटेजमध्ये स्वेटर घातलेल्या तिघीजणी पिशवी घेऊन आल्या. त्यातल्या एकीने टाचा उंचावून फांदी खाली ओढली, तेव्हा चेहरा नीट दिसला. बँकवाल्या काकू. सेक्रेटरींनी रिमोट खाली ठेवला आणि चहा मागवला.

चहावर नव्या कायद्यातली आणखी एक तरतूद निघाली. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोराने पाच हजारांच्या आतला माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. सभेत एकदम जीव आला. चोर अजून सापडायचा होता, पण त्याला कामं नेमून देण्यात आली. टाकी धुणं एकमताने मंजूर. जिना झाडणं मंजूर. मेंटेनन्सची थकबाकी त्यालाच वसूल करायला द्यावी, असं भाऊने सुचवलं, कारण कोणाकडे खरोखर काय आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आमचं नाव यादीतून वगळायला सांगितलं.

दाराशी उभे असलेले वॉचमन मामा इतका वेळ गप्प होते. “ते सगळं ठीक आहे साहेब,” ते म्हणाले, “पण त्याला पगार माझ्यापेक्षा जास्त नका देऊ.”