बुवा, सेमिस्टर सहावं

आमच्या सोसायटीतल्या या मुलाला ‘बुवा’ ही पदवी विद्यापीठाच्या आधी जुन्या वॉचमनने दिली. पहाटे सव्वापाचला तिसऱ्या मजल्यावर खर्जाचा रियाज सुरू होतो. खर्ज म्हणजे काय, हे ज्यांच्या घराच्या वर-खाली गवई राहत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माणूस अर्धा-अर्धा तास एकच सूर, तोही गळ्यातला सगळ्यांत खालचा, धरून बसतो. मागच्या वर्षी नवा वॉचमन आला. पहिल्याच पहाटे त्याने पाण्याच्या पंपात बिघाड आहे असं समजून पंप बंद केला. आवाज थांबेना. मग त्याने सेक्रेटरींना उठवलं. सेक्रेटरी झोपेतच म्हणाले, “तो पंप नाही, बुवा आहे. पंप चालू कर, टाक्या भरायच्यात.”

बुवांचं वय वीस. बी. ए. संगीत, गायन, तिसरं वर्ष, सेमिस्टर सहावं. झब्बा फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी. एरवी टी-शर्ट, पाठीला सॅक आणि कानात इअरबड, त्यात तंबोऱ्याचं ॲप. घरून खांदेश्वर स्टेशनपर्यंत चालताना बुवा मनात विलंबित एकताल मोजत असतात आणि उजवा हात मांडीवर पडत असतो. रस्ता ओलांडतानाही ते समेवरच थांबतात. मधल्या मात्रेला रिक्षा आली तर ती रिक्षावाल्याची अडचण. स्टँडवरचे रिक्षावाले आता सरावले आहेत, लांबूनच म्हणतात, “थांब रे, बुवांचं व्हायचंय अजून.”

आमच्या खांदा कॉलनीत शिक्षणाला तोटा नाही. चालत दहा मिनिटांवर चांगु काना ठाकूर कॉलेज आहे. कॉमर्स आहे, सायन्स आहे, पोरं आंघोळ करून निघाली तरी पहिल्या लेक्चरला पोचतात. असं असताना हा मुलगा रोज सव्वा तास हार्बर लोकलने उभ्याने जातो आणि गाणं शिकून सव्वा तास परत येतो, हे बायकांच्या कट्ट्याला अजून पचलेलं नाही. चौकशी दर आठवड्याला नव्याने होते.

“काय करतोस रे सध्या?”

“परफॉर्मिंग आर्ट्स, काकू.”

“म्हणजे?”

“गाणं.”

“ते झालंच. पण शिकतोस काय?”

इथून पुढे बुवांचा खरा कार्यक्रम सुरू होतो. आधी ते साध्या शब्दांत सांगतात, मग उदाहरणं देतात, मग हातवारे करतात आणि शेवटी गाऊन दाखवायला तोंड उघडतात, तेवढ्यात काकूंना गॅसवरचं दूध आठवतं. माझ्या हिशेबाने तीन वर्षांत बुवा मंचावर जेवढा वेळ बसले असतील, त्याच्या कैक पटीने वेळ ते जिन्यात उभे राहून आपला विषय समजावत आले आहेत. डिग्री परफॉर्मन्सची आहे, तेव्हा हेही शिक्षणच म्हणायचं.

आजीचं म्हणणं वेगळं. तिच्या लेखी गाण्याचं शिक्षण म्हणजे गांधर्वच्या परीक्षा: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. मराठी घरात गाणाऱ्या मुलाला ‘कसं गातोस’ असं कोणी विचारत नाही, ‘कितवी झाली’ असं विचारतात. बुवा बारावीतच विशारद झाले. आजीने पेढे वाटले आणि विषय संपला असं समजली. “विशारद झालायस ना? मग पुन्हा पहिल्यापासून कशाला?” बुवांनी तिला परीक्षा आणि पदवी यांतला फरक सांगायचा प्रयत्न केला. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पलुसकरांनी एवढं करून ठेवलंय ना, मग त्यात आणखी भर कशाला?”

आजीचं चूक आहे असंही नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी भरत वर्षानुवर्षं शिकायच्या विद्येला त्यांनी वर्ग, इयत्ता आणि अभ्यासक्रम दिला. ते स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीनेच शिकले होते, म्हणजे जे सोसलं ते पुढच्यांना नको, असा त्यात भाग असावा. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी आजीच्या या परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं; त्याची इमारत वाशीत आहे, हार्बरवरच. बडोद्याला तर सयाजीरावांच्या कारकिर्दीत मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासूनच होती. बाकी कुणाला वाटलं असेल, की या वाटेच्या टोकाला खांदा कॉलनीतला एक मुलगा यमन रागाचे क्रेडिट मोजत बसेल?

कारण आता सगळं क्रेडिटमध्ये आहे. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकल असेल तर त्याच एका क्रेडिटला तीस तास. म्हणजे यमनबद्दल बोलणं हे यमन गाण्याच्या दुप्पट किमतीचं. बुवांना हे गणित समजलं त्या दिवशी त्यांनी गंभीरपणे लिहायची पाठांतरं सुरू केली: थाट कल्याण, जाती संपूर्ण-संपूर्ण, वादी गंधार, संवादी निषाद, समय रात्रीचा पहिला प्रहर. हा पहिला प्रहर त्यांना प्रॅक्टिकलच्या दिवशी नडला. परीक्षा सकाळी साडेअकराला. परीक्षकांनी यमन मागितला. बुवांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग घड्याळाकडे. परीक्षक म्हणाले, “समजा रात्र आहे.” बुवांनी समजली. मग मारवा मागितला, तर संध्याकाळही समजावी लागली. शेवटी भैरव, म्हणजे पहाट. वीस मिनिटांत बुवा उलटीकडून एक पूर्ण दिवस जगून बाहेर आले आणि थेट कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

आणखी एक गंमत म्हणजे याच पदवीत ‘सहअभ्यासक्रमीय उपक्रम’ म्हणून वेगळे क्रेडिट असतात. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी किंवा कला. गाण्याच्या विद्यार्थ्याने विरंगुळा म्हणून काय घ्यावं? बुवांनी योग घेतला. श्वास वाढेल अशी आशा होती. शवासनात झोप लागली, तेवढीच विश्रांती.

वडील तळोजा एमआयडीसीत शिफ्टला जातात. रात्रपाळी करून ते साडेसातला घरी येतात तेव्हा बुवा मध्य सप्तकात पोचलेले असतात. वडील काही बोलत नाहीत. चहा घेतात, कानात कापूस घालतात आणि विचारतात, “सा लागला का?” लागला असेल तर झोपतात. मात्र एकदा आजारपणात घरी होते तेव्हा त्यांनी मुलाचं इतिहासाचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि संध्याकाळी त्याला समोर बसवलं.

“तुझा तो ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव. देवगिरीला यादवांच्या दरबारी काय होता?”

“हिशेबखात्याचा मोठा अधिकारी.”

“भातखंडे?”

“वकील.”

“वसंतराव देशपांडे?”

बुवा गप्प. वसंतरावांनी कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“म्हणजे तेराव्या शतकापासून आजपर्यंत,” वडील पुस्तक मिटत म्हणाले, “जो गाण्यात टिकला त्याला अकाउंट्स येत होतं. बी.कॉम. कर.”

बुवांनी शेवटचं अस्त्र काढलं: भीमसेन जोशी अकराव्या वर्षी घरातून निघाले, गुरू शोधत विनातिकीट गाड्यांमधून फिरले. वडिलांनी विचार केला. “तूही तसंच करायचं होतंस. तीन वर्षांचे पासचे पैसे वाचले असते.”

बुवांना राग मात्र खरोखर कळतात, हे मला सांगायलाच हवं. भूप आणि देशकार यांचे पाचही सूर सारखे, तरी दोन वेगळे राग कसे, हे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नव्हतं. बुवांनी स्टेशनबाहेर उभं करून सांगितलं. “काका, या दोन गाड्या बघा. बटाटा तोच, बेसन तेच, तेल तेच. या गाडीच्या वड्यात आल्यावर भर, त्या गाडीच्या वड्यात लसणीवर. आलं वादी, लसूण वादी. आता डोळे मिटून खा आणि सांगा कुठला.” मी खाल्ला आणि ओळखला. बुवा एवढे खूश झाले, की दोन्ही वड्यांचे पैसे त्यांनीच दिले. थाट-वादी-संवादीच्या दहा मार्कांच्या प्रश्नाला त्यांनी हे उत्तर का लिहिलं नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. मुलाचं सेमिस्टर होतं.

खरा तंबोरा बुवा फक्त परीक्षेला नेतात. तो मिरजेचा. आजीने पाटल्या मोडून घेतलेला, म्हणून त्याला घरात ‘आजीच्या पाटल्या’ असंच म्हणतात. खांदेश्वरहून सकाळच्या गर्दीत तंबोरा न्यायचा म्हणजे लगेजचा डबा. तिथे पाट्या, पिंपं, पोती आणि मधोमध बुवा, भोपळा पोटाशी धरून. पनवेलपासून बसलेल्या एका मावशींनी आपली मासळीची पाटी सरकवून जागा करून दिली. “सतार का रे?” प्रत्येक फेरीला कोणीतरी विचारतंच. बुवा पहिल्या वर्षी दुरुस्ती करत. दुसऱ्या वर्षी ‘तंबोरा’ एवढंच म्हणत. आता ‘हो’ म्हणतात. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ, पखवाज, एक खडा आवाज. मंडळाच्या बुवांनी आमच्या बुवांना दोनदा बोलावलं, “ये की, वरचा सूर लागत नाही कुणाचा.” आमच्या बुवांनी पट्टी विचारली. “पट्टी कसली? मानखुर्दला जरा चढते,” असं उत्तर आलं.

आणि मग सहाव्या सेमिस्टरला आलं ओजेटी. ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, म्हणजे एकशे वीस तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. इंजिनिअरिंगच्या पोरांना कारखाने असतात, कॉमर्सवाल्यांना सीएंची ऑफिसं. गवयाचं कामाचं ठिकाण कुठलं? एका रेकॉर्डिंग स्टुडिओत बुवांच्या वर्गातली निम्मी मुलं आधीच घुसली होती. फॉर्मवर संस्थेचं नाव, पत्ता, लेटरहेड, शिक्का आणि सुपरवायझरचा शेरा हवा होता. बुवा सगळीकडे फिरले. भजनी मंडळाकडे लेटरहेड नव्हतं. गणेशोत्सव मंडळाकडे शिक्का होता, पण त्यावर ‘वर्गणी मिळाली’ असं कोरलेलं. महिला मंडळ तयार होतं, पण त्यांना बुवांकडून मंगळागौरीची गाणी बसवून घ्यायची होती आणि फुगडीला एक माणूस कमी पडत होता.

शेवटी लेटरहेड, शिक्का आणि जीएसटी नंबर या तिन्ही गोष्टी निघाल्या फक्त एका माणसाकडे. तो होता आमच्या मागच्या गल्लीतला बेंजो पार्टीचा मालक, म्हणजे मास्तर. लग्नं, हळदी, मिरवणुका. सीझनला एक रात्र रिकामी नाही. बुवांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोत चढले.

मास्तरांनी पहिल्याच हळदीला विचारलं, “पट्टी?”

“पांढरी एक.”

“बेंजो बदलत नाही. तू बदल.”

बुवा बदलले. गणपतीच्या गाण्याला माइक त्यांच्या हातात दिला गेला. आलाप सुरू झाल्यावर ऑक्टोपॅडवाल्याने सहा सेकंद वाट पाहिली, जी बेंजो पार्टीच्या इतिहासात जास्तच होती, आणि ठोका टाकला. समेची वाट बघायची तिथे पद्धत नव्हती. मध्येच मास्तरांनी एक धून सुरू केली आणि बुवा चमकले. “मास्तर, हा भूप!” “कोण भूप?” “हे पाच सूर…” मास्तरांनी बटणांकडे बघितलं. “ही पाच दाबली की बायका नाचायला उठतात. सहावं दाबलं की बसतात. म्हणून मी सहावं दाबत नाही.” बुवांनी हे त्याच रात्री वहीत उतरवलं. रागातले वर्ज्य स्वर इतक्या थोडक्यात त्यांना कुणी सांगितले नव्हते.

एका आगरी लग्नात धवलारीण आली होती. पनवेलच्या गावांमधून लग्नाचा एकेक विधी अजून धवळ्यांवर, म्हणजे पारंपरिक लग्नगीतांवर चालतो. धवलारीण म्हणते आणि मगच पुढचं होतं. साथीला काही नाही, तंबोरा नाही, पेटी नाही. बुवांनी कानात ॲप लावून तिचा षड्ज तपासला. तीन तासांनी पुन्हा तपासला. होता तिथेच होता. बुवा स्वरलिपी लिहायला बसले. भातखंडे पद्धतीने जमेना, पलुसकर पद्धतीनेही जमेना. धवलारणीने चहा पिता पिता विचारलं, “परीक्षेला किती येळ गावं लागतं रं तुला?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिन्टं? नि त्याला तीन वर्सं?”

बुवांच्या अहवालात या धवळ्यांवर अकरा पानं आहेत. बेंजोवर चार. मी वाचली आहेत; चांगली आहेत, जिन्यात उभं राहून सांगतात त्याहून खूपच चांगली. शेवटच्या पानावर, लेटरहेडवर, निळ्या शिक्क्याच्या वर सुपरवायझरचा शेरा आहे. मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने, विचार करून लिहिला: ‘मुलगा चांगला आहे. टेम्पो भरायला मदत करतो. सुरात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. डोळे उघडे ठेवून गाईल तर पुढच्या सीझनला घेऊ.’